जांभळं दूध

वैदेहीने केमिस्ट्रीत बीएस्सी केलं होतं, आणि सई झाल्यापासून त्या पदवीचा ताप साऱ्या घराला होत होता. भेसळीच्या दुधाचा एक व्हिडिओ पाहिला मात्र, दुसऱ्या सकाळी तिने बरणी साबणाने तीनदा घासली, तीत कोंडीबा गवळ्याचं दूध भरलं आणि थेट नवी पेठेजवळची लॅब गाठली.

लॅबवाल्या मृत्युंजयने दुधात दोन थेंब टाकले. दूध जांभळं झालं.

"डिटर्जंट आहे, मॅडम."

वैदेहीने लगेच मोबाइलवर त्याचा फोटो काढला. दीड वर्षाची सई कोंडीबाचंच दूध प्यायची. पिशवीचं दिलं की फुर्रकन उडवायची. पण आता इलाज नव्हता. जांभळ्या दुधाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि दुपारपर्यंत अठरा घरांनी कोंडीबाला उद्यापासून येऊ नको म्हणून कळवलं. संध्याकाळी पिशवीतलं दूध सईने आजीच्या इस्त्रीच्या साडीवर उडवलं.

"आता पोरीला तुझी पदवी उकळून पाज," सासूबाई, मालतीबाई, पदर पुसत म्हणाल्या.

रविवारी सकाळी गेटसमोर टेम्पो थांबला. आत म्हैस, म्हशीशेजारी कोंडीबा.

"वयनी, या खाली! चंद्रीलाच आणलंय. तुमच्या डोळ्यांदेखत पिळतो. भांडं बी तुमचंच घ्या. मग तर झालं?"

वैदेहीही काही कमी नव्हती. तिने मृत्युंजयला पेटीसकट बोलावून घेतलं आणि तोवर आपलं पातेलं पुन्हा तीनदा घासलं. कोंडीबाने धार काढली. मृत्युंजयने दोन थेंब टाकले.

जांभळं!

गेटपाशी जमलेल्या अठरा घरांनी आधी दुधाकडे पाहिलं, मग चंद्रीकडे. चंद्री निवांत रवंथ करत होती.

"म्हस साबण खाती व्हय, वयनी?"

"तुम्हीच सांगा, काय घालता तिला?"

"कडबा आन् पेंड. तुमी भांड्याला काय घालता?"

"साबण! तीन वेळा. लहान बाळ आहे घरात."

"आणि विसळता किती पाण्याने?" मृत्युंजयने हळूच विचारलं.

गॅलरीतून मालतीबाईच ओरडल्या, "वाटीभर! जुळे सोलापुरात नळ पाचव्या दिवशी येतो बाबा, बादलीभर आणायचं कुठून?"

मृत्युंजयने पातेलं रिकामं करून त्यात आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं, हलवलं, दोन थेंब टाकले. पाणीही जांभळं.

वैदेहीचा चेहरा पडला. "म्हणजे सई इतके दिवस..."

"सईची वाटी मी धुते, कढत पाण्याने," वरून आवाज आला. "दूध माझ्या पातेल्यात तापतं. तुझं बीएस्सी मी त्या पोरीला लागू दिलं नाही अजून!"

वैदेहीने ग्रुपवर माफी मागितली. अठरा घरं परत आली. दुसऱ्या सकाळी कोंडीबा दारात उभा राहिला, तेव्हा तिने खाली मान घालून पातेलं पुढे केलं.

कोंडीबाने माप कलतं केलं नाही. खिशातून इवलीशी बाटली काढली.

"लॅबच्या सायबानी दिलीया." पातेल्यात घोटभर पाणी, वर दोन थेंब. त्याने डोळे बारीक करून आत पाहिलं आणि पातेलं तिच्या हातात परत दिलं.

"जरा जांभळंच हाय, वयनी. अजून एकदा विसळून आणा की. आमच्या चंद्रीचं नाव खराब हुतंय."