रानफळांची शेजारचाचणी

विषाची परीक्षा पाहू नये, असं शहाणी माणसं पूर्वीपासून सांगत आली आहेत. पाहायचीच झाली तर ती कुणावर पाहावी, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. ते ज्याने त्याने आपापल्या शेजारपाजाराप्रमाणे ठरवायचं असतं.

गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त अन्न-तपासनीस या विषयातले अधिकारी पुरुष. अख्ख्या नोकरीत त्यांनी खवट तेलापासून बुरशी आलेल्या पावापर्यंत सगळं तपासलं, पण जिभेला एक कण लावला नाही. तपासणी म्हणजे नमुना बाटलीत भरणे, लाखेने बंद करणे आणि पुढे पाठवणे. पुढचा तो त्याच्या पुढे पाठवायचा. (निकाल येईपर्यंत माल खपून गेलेला असायचा. खाणारे हिंडताफिरताना दिसले, म्हणजे माल शुद्ध.)

अशा या गृहस्थांच्या परसात, मोरीच्या पाण्यावर एक झुडूप आपोआप वाढलं आणि जांभळ्या फळांनी लगडलं.

"उपटा ते आधी," बायको म्हणाली. "रविवारी नात येतेय. दिसेल ते तोंडात घालते ती."

"उपटा काय उपटा! फुकटचं फळ आहे. आधी ओळख तर पटू दे."

प्रथम शास्त्राची मदत घेण्यात आली. फोटो पाहून मोबाइलने सकाळी फळ खाण्याजोगं ठरवलं, दुपारी विषारी ठरवलं आणि संध्याकाळी फोटोत तपासनिसांचा अंगठा आल्यामुळे रताळं असल्याचं जाहीर केलं. शास्त्राने हात टेकल्यावर त्यांनी खात्याची पद्धत बाहेर काढली. कडेला टवका उडालेल्या वाटीत फळं भरली आणि शेजारच्या विमा एजंटाच्या घरी नेऊन दिली. (एजंटाचा स्वतःचा विमा भरभक्कम होता. शेजाऱ्याचा इतका विचार हल्ली कोण करतो?)

"घरची आहेत. म्हटलं, तुमच्याशिवाय कुणाला द्यायची!"

एजंटाला गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिरायला निघाला, तेव्हा तपासनीस कुंपणाशी हजरच होते.

"काय, कशी आहे तब्येत? झोप लागली? पोटबिट ठीक?"

"एकदम! आणि फळं काय गोड हो!"

निकाल लागला. पण एवढ्यावर थांबले तर ते तपासनीस कसले! ते रोज चौकशी करू लागले. गंमत म्हणजे त्याच दिवसांत सगळ्या गल्लीतच माया उतू जाऊ लागली. एजंट समोरच्या मास्तरांना चक्कर येते का विचारू लागला. मास्तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची जीभ पाहू लागले. डॉक्टर तर शिंपीणबाईंच्या दारी स्वतः जाऊन, फी न घेता, मळमळ होते का विचारून आले. माणुसकी अजून शिल्लक आहे, असं तपासनिसांना मनापासून वाटलं.

रविवारी नात आली. झुडपाकडे जाऊ नये म्हणून आजोबा परसात पहारा देत बसले. पोर गल्लीत हिंडून फाटकातून आत आली ती जांभळी जीभ काढून.

"आजोबा, शिंपीणमावशींनी दिली. सगळी संपवली मी!"

तिच्या हातातली वाटी रिकामी होती. कडेला टवका उडालेला होता.

पोरीला उचलून आजोबा तसेच रस्त्यावर धावले. "कुणी खाल्ली होती? अहो, कुणीतरी खाल्ली असतील ना!"

"डॉक्टरांनी दिली म्हणून मी निर्धास्त दिली," शिंपीणबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी एजंटाकडे. "तुम्ही दिलीत," एजंट तपासनिसांना म्हणाला, "म्हणजे तुम्ही खाऊनच दिली असणार, असं..."

"तुम्ही तर गोड होती म्हणालात!"

"नाही कसं म्हणणार? इतक्या प्रेमाने दिलीत."

पोरीला छातीशी धरून आजोबा ढसाढसा रडले. बायको फाटकात उभी होती. "पाठवा," ती म्हणाली, "आता हिलाही पुढे पाठवा."

डॉक्टर नाडी धरून बसले. गल्ली कुंपणाशी खोळंबली. संध्याकाळी पोर उठून बसली आणि म्हणाली, "अजून आहेत?"

डॉक्टरांनी नाडी सोडली. त्यानंतर पोर कशी आहे हे पाहायला कुणी आत आलं नाही. सगळे परसात गेले. शिंपीणबाईंनी कापडी पिशव्या पुरवल्या. झुडपावर पानसुद्धा राहिलं नाही.

यंदा त्याच जागी दुसरं झुडूप आलं आहे. फळं लाल आहेत. मुलीने नातीला पाठवणं बंद केल्यामुळे निकाल मात्र अडून राहिला आहे.

पोर वाचली म्हणून तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकलात, त्याबद्दल आजोबा आपले आभारी आहेत. पत्ता कळवलात तर वाटीभर फळं घरपोच मिळतील. ती तुम्हीच खायला हवीत, असा आग्रह मुळीच नाही. कुणाच्या दारी न्यायची, ते तुमच्या मनात आत्ताच येऊन गेलं आहे.