फुलाबाईंची शंभर टक्के हजेरी

संस्था बुडते ती माणसे जागेवर नसल्यामुळे. माणसे जागेवर असताना बुडाली तर त्याला दैव म्हणतात, आणि दैवापुढे कुणाचे काही चालत नाही. हे सत्य मी एका पतसंस्थेच्या सचिवपदाच्या खुर्चीत एकतीस वर्षे बसून शिकलो. (पतसंस्था आता नाही. मी शेवटपर्यंत जागेवर होतो.)

त्यामुळे कऱ्हाकाठ फुटबॉल क्लब, बारामती, या संस्थेच्या चौकशी समितीवर मला, सावळारामला, नेमले तेव्हा कुणाला नवल वाटले नाही. समितीत मी एकटाच आहे, त्यामुळे मतभेद झाले नाहीत. गुडघे दुखत असल्याने समितीचे कामकाज माझ्या घरी, झोपाळ्यावर बसून झाले.

प्रथम संघाची कामगिरी. या मोसमात नवे मालक आले तोवर संघ चौदा सामने खेळला होता. पैकी बारा हरला, एक बरोबरीत सुटला आणि एक मैदानात आग्यामोहोळाच्या माश्या आल्यामुळे रद्द झाला. (त्या दिवशी संघ जेवढा पळाला तेवढा एरवी कधी पळाला नाही, असे प्रशिक्षक दीपक यांनी साक्षीत सांगितले.) संघाने पाच गोल केले. त्यातले दोन समोरच्या संघाने चुकून आपल्याच जाळ्यात मारलेले आहेत, पण गोल तो गोल.

नवे मालक म्हणजे इंदापूरचे संभाजीराव आणि त्यांच्या सौभाग्यवती विजयमालाताई. संभाजीरावांना सगळा तालुका आबा म्हणतो. डाळिंबे निवडून खोक्यांत भरायचे त्यांचे मोठे पॅकहाऊस आहे. फुटबॉल त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या मनात कसलाही पूर्वग्रह नव्हता. आठ दिवसांत त्यांनी रोग नेमका हेरला. क्लबचे सातही कार्यालयीन कर्मचारी घरून काम करत होते!

"डाळिंब कुनी घरनं निवडतं का?" आबांनी पहिल्याच बैठकीत विचारले. म्हैस मात्र घरूनच दूध देते आणि डेअरी त्यावरच चालते, हा मुद्दा कुणी काढला नाही आणि ते बरेच झाले.

पुरावाही भक्कम होता. संघ ज्या बारा दिवशी हरला त्या बाराही दिवशी सातही कर्मचारी घरी होते. (बरोबरी झाली त्या दिवशीही होते. पण एका सामन्यावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय आहे.) खेळाडूंपैकी सहा जण पुण्यात राहतात, सरावाला येत नाहीत, सामन्याच्या दिवशी थेट मैदानावर येतात आणि त्यातले दोघे मध्यंतरानंतर येतात, हेही कागदावर आले. परंतु ते कार्यालयीन कर्मचारी नसल्यामुळे घरून काम बंद करण्याचे आबांचे परिपत्रक त्यांना लागू होत नव्हते.

दीपक यांनी "आबा, दुखनं रेड्याला अन् डाग पखालीला" असे उद्गार काढल्याची नोंद आहे. यातला रेडा कोण, असे समितीने त्यांना विचारले. आबा माझ्या घरी चहाला आलेले असल्याने दीपक यांनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

एक तारखेपासून घरून काम बंद झाले. अडचण एवढीच होती की क्लबला कार्यालय नव्हते. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिच्यात खेळाडू कपडे बदलत. ती शेड कार्यालय झाली आणि खेळाडू शेजारच्या उसात कपडे बदलू लागले. कर्मचाऱ्यांच्या गाड्यांना सावली म्हणून एका बाजूच्या गोलपोस्टवर हिरवी जाळी टाकण्यात आली. शेडच्या दाराला अंगठ्याचे यंत्र बसले. अंगठा लागला की हजेरी लागायची आणि हजेरी लागली की आपापला संगणक उघडायचा. योजना खुद्द आबांची. मी तर म्हणतो, अशी योजना आमच्या पतसंस्थेत असती तर ती आणखी शिस्तीत बुडाली असती.

आता संजीवनीचे प्रकरण.

संजीवनी पणदऱ्याची सून. प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत अठरा खेळाडूंची नोंदणी यादी लीगकडे पाठवायची, हे तिचे काम. यादी गेली नाही तर संघ मैदानात उतरू शकत नाही. तीन वर्षे ती हे काम ओसरीवर बसून करत होती आणि यादी एकदाही चुकली नाही, म्हणून ती क्लबमध्ये आहे हेही फारसे कुणाला ठाऊक नव्हते. नवरा गोकुळ लोणी देवकरला कंपनीत बारा-बारा तासांच्या पाळीत. घरी सासू फुलाबाई. आठ महिन्यांपूर्वी गोठ्यात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात.

एक तारखेच्या आदल्या दिवशी संजीवनी आबांना भेटायला गेली. ते बोलणे समितीने शब्दशः उतरवले आहे.

"आबा, आमच्या आत्या उठत न्हाईत. मी हितं बसले तर त्यांचं कुनी करायचं?"

"पोरी, आई सगळ्यांनाच हाय. माजी आई बी अंथरुनात हाय. म्हनून मी पॅकहाऊसला जायचा ऱ्हातो का?"

(आबांच्या आईचे सगळे विजयमालाताई करतात. घरून. परिपत्रकावर त्यांचीही सही आहे, ती सासूबाईंना पेज भरवता भरवता झाली.)

दुसऱ्या दिवशी संजीवनीने दुधाच्या टेम्पोत गादी टाकली आणि फुलाबाईंनाच कार्यालयात आणले. शेडमध्ये खेळाडूंचे पाय चोळायचे एक उंच टेबल होते, त्यावर त्यांना निजवले. आबा मोठ्या मनाचे, ते काही बोलले नाहीत. फक्त दारावरचा पहारेकरी झुंबर याने नियमावर बोट ठेवले. आत येणाऱ्या दर माणसाने अंगठा लावायचा! यंत्रवाला तिथेच होता. त्याने आठवा माणूस म्हणून फुलाबाईंचा अंगठा नोंदवला आणि विभाग विचारला. टेबलाकडे बघून झुंबरने सांगितले, "मालिश."

"धन्यवाद," यंत्र म्हणाले.

"कोन बया बोलती गं आत?" फुलाबाईंनी विचारले.

संजीवनीचा अंगठा मात्र यंत्राने पाचव्या प्रयत्नाला कसाबसा नोंदवून घेतला, यंत्रवाला निघून गेला, आणि पुढे यंत्राने तिला कधीच ओळख दाखवली नाही. दोन गाईंच्या धारा, रोजचे गवत कापणे, विळा, राख, शेण. बाईच्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. फुलाबाईंचाही अंगठा एके काळी तसाच होता. पण आठ महिने खाटेवर गेल्याने तो पुन्हा लहान पोरीसारखा कोवळा झाला होता आणि यंत्राला फार आवडला.

रोज सकाळी नऊला तेच. फुलाबाई: धन्यवाद. संजीवनी: कृपया पुन्हा प्रयत्न करा. तिने खोबरेल लावून पाहिले, लिंबू चोळून पाहिले, डाव्या हाताने पाहिले. अखेर ती आबांकडे गेली.

"आबा, मी रोज हितंच बसलीय की! तुमी सवता बघता मला."

"मी बघून काय उपेग? यंत्रानं बघाय पायजे."

हजेरी नाही म्हणून संगणक उघडत नव्हता. तेव्हा तिने पहिल्या तीन सामन्यांच्या याद्या गुपचूप स्वतःच्या मोबाईलवरून पाठवल्या. संघ दोनदा हरला आणि एकदा चक्क बरोबरीत सुटला. शिस्तीला फळ आले म्हणून आबांनी शेडमध्ये पेढे वाटले. पुढे मोबाईलची गोष्ट उघडकीस आली. कार्यालयात बसून मोबाईलवर काम करणे म्हणजे कार्यालयात राहून घरून काम करणेच होय, असा निर्णय झाला आणि झुंबरने दारावरच सगळ्यांचे मोबाईल सुटी होईपर्यंत पाटीत जमा करून घ्यायला सुरुवात केली.

मग आला मोसमातला शेवटचा सामना. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. आदल्या दिवशी अकरा वाजता संजीवनी यंत्रापुढे उभी होती. तिने एकतीस वेळा अंगठा लावला. झुंबरने मोजले आहेत. साडेअकराला तिने शेजारच्या टेबलावरच्या सोनलला हात जोडले, पण दुसऱ्याचे काम करणे नियम सातप्रमाणे गैरवर्तन असल्याने सोनल रडली आणि जागेवर बसून राहिली. पावणेबाराला संजीवनीने सासूचाच अंगठा लावून पाहिला. संगणक लगेच उघडला. मालिश विभागाचा. त्यात तेलाच्या बाटल्यांची नोंद होती. बाराचा भोंगा झाला तेव्हा ती यंत्राला म्हणाली, "आता काय कातडं सोलून दिऊ का तुला?" हे वाक्य शिस्तभंग या सदरात नोंदवले आहे.

दुसऱ्या दिवशी कर्णधार अविराजसह अकरा खेळाडू मैदानात उभे होते. पुण्याचे सहाही वेळेवर आले होते. पंचांनी यादी मागितली. यादी नव्हती. सामना न खेळता समोरच्या संघाला तीन गोलांनी विजयी ठरवले. आपल्या गोलरक्षकाकडे या सामन्यात एकही चेंडू आला नाही, ही बचावफळीची मोसमातली सर्वोत्तम कामगिरी होय.

इतक्या मोठ्या पराभवानंतर जबाबदारी निश्चित करणे आले. समितीने यंत्रातली नोंद डोळ्यांत तेल घालून तपासली. निष्कर्ष असे.

संजीवनी: कामाचे दिवस सव्वीस, हजर शून्य. सबब सेवा समाप्त. कमी केलेल्या कर्मचाऱ्याला आवारात प्रवेश नाही.

फुलाबाई: कामाचे दिवस सव्वीस, हजर सव्वीस. एकदाही जागा सोडली नाही. मोबाईल जवळ बाळगला नाही. चहाला उठल्या नाहीत. सबब सेवेत कायम करून मोसमातील आदर्श कर्मचारी म्हणून गौरव करावा.

पगार आता फुलाबाईंचा आणि त्यावरच त्यांची औषधे असल्याने, नोकरी सोडावी असे घरात कुणाला म्हणता येईना. क्लबची गाडी सकाळी त्यांना पणदऱ्याहून उचलून आणते. आदर्श कर्मचाऱ्यासाठी एवढे केलेच पाहिजे. संजीवनी मागून एसटीने येते आणि फाटकाबाहेर बसते. दर दोन तासांनी ती ओरडते, "झुंबरभाऊ, आत्यांची कूस बदला वो!" झुंबरला दार सोडायची परवानगी नाही. तो आत ओरडून निरोप देतो. आत सगळे आपापल्या जागेवर असतात.

गौरव समारंभ टेबलाशेजारीच झाला. विजयमालाताईंनी नारळ दिला, आबांनी शाल पांघरली आणि दोन शब्द बोलायला सांगितले. फुलाबाई म्हणाल्या, "शाल नगं मला. पाठीला किडं पडायचं आलंया. माज्या सुनंला आत घ्या."

टाळ्या झाल्या. विजयमालाताई तेवढ्या टाळ्या न वाजवता बाहेर गेल्या. त्यांना घरी जायची वेळ झाली होती. इतिवृत्तात फुलाबाईंच्या बोलण्याची नोंद 'भावपूर्ण मनोगत' अशी केली आहे.

अहवाल संपला. आपण तो कार्यालयातल्या खुर्चीत, कामाच्या वेळेत, इथवर वाचलात. काळजी नसावी. आपला आजचा पूर्ण दिवस हजर धरण्यात आला आहे. घरी अंथरुणावर कुणी असेल तर त्यांचीही विचारपूस करावी. फोनवरून केली तरी चालेल.