अर्धी दाढी

तिवश्यात माह्याइतका पार्टीचा पक्का माणूस दुसरा नाई. त्या पक्केपणापायी मी साळ्याच्या लग्नात अर्ध्या दाढीनं जेवलो, अन् फोटोवाल्यानं मले एकाच बाजूनं घेतलं.

हे काम सुखदेवभाऊचं. स्टँडजवळ त्याचं कटिंगचं दुकान, अन् त्याच्यासमोर माहा आटो उभा राहे. पयला गाल तो गुमान करे. मंग वस्तरा वर धरे अन् म्हणे, "जे पार्टी तुले आवडत नाई, तिचं एक चांगलं काम सांग. मंग दुसरा गाल."

"अन् नाई सांगतलं तं?"

"तं जाय. गाल तुया हाय."

लोकं पयले भडकले, मंग शिकले. एक जण आमच्या पार्टीबद्दल म्हणे, "त्याइच्या सभेत मसालेभात गरम राह्यते." सुखदेवभाऊनं इचार केला अन् म्हणे, "चालते." एक रिटायर गुरुजी तं अर्धा घंटा बोलले. शेवटी आपल्याले कोनती पार्टी आवडत नाई, हेच त्याइले आठवे ना.

मी हटलो नाई. पाच वर्सं उजवा गाल त्याच्या हातचा, डावा घरी माह्या हातचा. डाव्या गालावर अजून वण हायेत. दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं, पण मले त्याची जिरवाची होती.

हा कायदा त्यानं त्याचा पोरगा मन्या घरातून गेल्यावर काढला. मन्या त्या दुसऱ्या पार्टीच्या प्रचारात फिरे. एक दिवस मीच खुर्चीवर बसून म्हटलं, "भाऊ, तुया पोरगा विकला गेला." सुखदेवभाऊनं त्याच सांजेले त्याले घराबाहेर काढलं. मन्यानं आपली कैची उचलली अन् अकोल्यात दुकान टाकलं.

मागच्या बुधवारी सकाळी उजवा गाल झाला अन् वस्तरा थांबला. मी म्हटलं, "नाई सांगत. कर काय करतं ते."

वस्तरा खाली पडला.

"नाटकं करू नोको," म्हटलं मी. मंग आरशात पाह्यलं. त्याचं तोंड एकीकडे ओढलं होतं.

त्याले आटोत टाकलं, त्याच्या घरून वयनीले मांगं बसोलं अन् अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डाव्या गालावर फेस तसाच वाळला. नर्स पयले मलेच पेशंट समजली.

वयनी बाकावर बसल्या होत्या, सुखदेवभाऊचा फोन मुठीत धरून. मी इचारलं, "मन्या बोलते का त्याच्यासंग?"

"बोलत नाई, ऐकते," त्या म्हणे. "त्याच्या पार्टीबद्दल दुकानात कोनी चांगलं बोललं, का हे दुपारी फोन लावत. आज गुरुजी असं बोलले, तुयंच बरोबर असंन बापा, म्हणत. मन्या हूं म्हणे अन् ठेवून दे. ज्या रोज कोनी बोललं नाई, त्या रोज फोन नाई. बिनकारनाचा लावाले त्याइले शरम वाटे."

मी गालावरचा फेस खरवडत बसलो.

"तुमची लय वाट पाह्यली त्याइनं," वयनी म्हणे. "ज्या गज्यानं विकला म्हटलं, तोच एक दिवस बोलन, म्हणत."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्याइनं वयनीकडे पाहून नुसती मान हालवली. वयनीनं पदर तोंडावर घेतला अन् फोन माह्या हाती देला. "तुमीच सांगा," म्हणे.

पयल्याच घंटीत मन्यानं उचलला.

"हूं."

माह्या नरड्यातून बाप गेला हे काई निंघे ना. निंघालं ते भलतंच.

"मन्या, मी गजाकाका. तुया पार्टीनं आमच्या गल्लीत नळ आणला ना, पाणी येते त्याले. चांगलं काम केलं बापा."

तिकडे जराशीक कैची वाजत होती. ते थांबली.

"नळाचं राहू द्या, काका," मन्या म्हणे. "बाबाच्या फोनवरून तुमी काहून बोलून राहिले, ते सांगा."