शिवगणांनी पास केलेली जत्रा

चाळिशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा एक माणूस सोमवारी संध्याकाळी जत्रेतल्या लहान मुलांच्या चहाच्या कपात एकटाच बसून गरगर फिरतोय आणि त्याच्या शेजारच्या जागेवर एक पांढरी दोरी ठेवलेली आहे, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भाजीची पिशवी एका हातात होती आणि दुसऱ्या हातात पाच वर्षांची सई. मी सईला घाईघाईने दुसरीकडे वळवलं. परदेशात एकटं राहून राहून माणसांचं काय काय होतं, असं मनात आलंच. तेवढ्यात कुंपणापलीकडून, कपातूनच, त्या माणसाने हात केला. "वहिनी, कप पास आहे. पण शुक्रवारी पोरीला खायला कमी द्या."

हे दत्ताराम शिवगण. गाव लांज्याजवळचं. आमच्या दुबईजवळच्या अजमानच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आणखी पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचे आणि शेजारच्या उम्म अल कुवैनच्या एका पाइपच्या कारखान्यात फोरमन होते. काम पाइपचं, पण जीव सगळा सेफ्टीत. हेल्मेट न घालता आत शिरणाऱ्या मालकाला त्यांनी एकदा दारातच उभं केलं होतं, असं ते सांगत. मालकाने पुढे काय केलं ते मात्र सांगत नसत.

दर हिवाळ्यात, ऊन जरा माणसात आलं की, आमच्या मागच्या मोकळ्या वाळूवर जत्रा उभी राहायची. पाळणे, कप, झुकझुक गाडी, हिरवा ड्रॅगन, भाजलेली कणसं. मुलं बाल्कनीतून बोटं दाखवत नाचायची आणि आयांना प्रश्न पडायचा. आठवड्याभरात उभी राहिलेली आणि महिन्याभराने उठून जाणारी ती लोखंडं कुणी धड तपासली असतील का? या प्रश्नाला आमच्या बिल्डिंगमध्ये एकच उत्तर होतं. शिवगणांनी पास केलंय का, ते बघा.

जत्रा सुरू झाली की पहिल्या सोमवारी शिवगण ड्यूटीवरून येऊन आंघोळ करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि निघत. "आधी मी, मग तुम्ही," हे त्यांचं ब्रीद. प्रत्येक पाळण्यात स्वतः बसायचं, बोल्ट हलवून बघायचे, आणि शेजारच्या जागेवर ती पांढरी दोरी अर्धी दुमडून सरळ धरायची. दोरीएवढं उंच मूल तिथे बसलं तर समोरचा दांडा त्याच्या पोटाशी येतो की हनुवटीशी, हे त्या दोरीवरून ठरायचं. माझा नवरा एकदा म्हणाला, "अहो शिवगण, नुसत्या नजरेने कळतं की." शिवगणांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "साहेब, अंदाजाने हाड मोडतं. अंदाज नको, माप हवं."

मंगळवारी सकाळी लिफ्टमध्ये रिपोर्ट लागायचा. वहीचा कागद, निळं बॉलपेन, अक्षर मोत्यासारखं. "कप: पास. चक्कर येते. झुकझुक गाडी: पास. भोंगा मोठा, तान्ह्यांचे कान झाका. मोठा पाळणा: पास. वारा सुटला तर नापास. कणीस: पास. ओढण्या पिनेने लावणे, सैल चपला घालू नये." दुसऱ्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंबसुद्धा आमच्याकडून तो कागद वाचून घ्यायचं. आणि सगळ्यात खाली, दर वर्षी, न चुकता एक ओळ असायची. "फॅमिली गेट: तपासता आलं नाही."

कारण गुरुवार-शुक्रवार फॅमिली डे. त्या दोन दिवशी बायको-मुलांशिवाय आलेल्या पुरुषाला आत सोडत नसत, आणि आम्ही सगळे नेमके त्याच दिवशी जायचो. शिवगणांची बायको आणि मुलगी गावी. फॅमिली आणायची तर इथल्या कायद्याने पगार अमुक इतका हवा, आणि शिवगणांचा पगार त्याच्या बराच अलीकडे थांबलेला. त्यामुळे आख्ख्या बिल्डिंगला जत्रा सुरक्षित आहे असं लिहून देणारा हा माणूस जत्रेच्या दिवशी गेटबाहेर उभा असायचा. आमच्या पिशव्या सांभाळत, आणि बाहेर येणारी मुलं मोजत.

पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याला ते बघवलं नाही. त्याने शिवगणांच्या खांद्यावर हात टाकला आणि गेटवरच्या गुलखानला सांगितलं, "मेरा भाई है, फॅमिली में है." गुलखान म्हणजे साडेसहा फूट उंचीचा पठाण सिक्युरिटी, पण मनाने मऊ. तो बाजूला झालासुद्धा. शिवगण जागचे हलले नाहीत. "नहीं साब," ते गुलखानला म्हणाले, "मैं इनका भाई नहीं. पडोसी है." नवरा कपाळाला हात लावून आत गेला. मी मागे राहिले आणि जरा चिडूनच विचारलं की एवढं कशाला खरं बोलायचं.

"गेट कशाला ठेवलंय, वहिनी? आज मी खोटं सांगून शिरलो, तर उद्या कोण शिरेल सांगता येत नाही. तुमचीच पोरं आहेत आत." मग म्हणाले, "जाईन की मी या गेटने. माझी सुलोचना आणि माझी प्रणाली बरोबर असतील तेव्हा. एकदाच जायचंय, पण खरं जायचंय."

गुलखानला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी कळलं असावं. पुढच्या शुक्रवारी गेटबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची आली. ती शिवगणांची.

त्यांचा सगळ्यात मोठा विजय ड्रॅगनवरचा. ते तिसरं वर्ष. त्या सोमवारी शिवगणांनी ड्रॅगनच्या शेपटीकडच्या जागेवर दोरी धरली आणि दांडा पोटाशी नाही, हनुवटीशी आला. म्हणजे तेवढं मूल दांड्याखालून सरळ पलीकडे निघू शकत होतं. ऑपरेटर म्हणाला, "इन्शाल्ला कुछ नहीं होगा, भाई." शिवगण म्हणाले, "इन्शाल्ला तो है ही. बेल्ट भी लगाओ." ऑपरेटरने हसून उडवून लावलं, तेव्हा हे ड्रॅगनमध्ये जाऊन बसले आणि उठेनात. एक तास ड्रॅगन बंद. रांगेतल्या लोकांनी आधी शिव्या घातल्या, मग दोरीचं प्रात्यक्षिक बघितलं, मग तेही ऑपरेटरवर उलटले. शेवटी मॅनेजर आला. शिवगणांनी त्याच्या हातात दोरी दिली आणि म्हटलं, "आप खुद देखो." मॅनेजरने दोनदा करून बघितलं. गुरुवारपर्यंत प्रत्येक जागेला नवा पट्टा बसला होता. त्या वर्षीचा रिपोर्ट गुरुवारी लागला, आणि ड्रॅगनबद्दल त्यात फक्त एवढंच होतं: "ड्रॅगन: सोमवारी नापास, बुधवारी पास." आम्ही बायकांनी मात्र त्यांना चारही मजल्यांवरून जेवायला बोलावलं, आणि त्यांनी चारही ठिकाणी जिन्याचा कठडा हलतो हे सांगितलं.

पण त्याच वर्षी सई आणि त्यांचं वाजलं. दोरीपेक्षा उंच मुलांनी ड्रॅगनमध्ये एकटं बसावं, दोरीपेक्षा लहान असतील तर आई किंवा वडील शेजारी हवेत, असा त्यांचा नियम होता. आदल्या दोन वर्षी सई दोरीपेक्षा बोटभर उंच भरली होती. तिसऱ्या वर्षी ती दोन बोटं कमी भरली. सई काही आटली नव्हती. दोरीच वाढली होती.

"काका, यू चेंज्ड द रोप," सई म्हणाली.

"स्टँडर्ड बदललं," शिवगण म्हणाले. तिला तीनदा मोजलं, आणि तिन्ही वेळा त्यांचाच चेहरा पडला.

"हू चेंज्ड इट?"

"वरून आलं." एवढं म्हणून ते तिथून निघूनच गेले. सई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला तिच्याशेजारी ड्रॅगनमध्ये बसावं लागलं, ओढणीला चार पिना लावून, आणि खाली उतरल्यावर मी गेटबाहेर शिवगणांच्या खुर्चीजवळ जे काही केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिवगणांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी मात्र तेव्हापासून लक्ष ठेवलं. खरंच, दर दिवाळीनंतर त्यांच्याकडे नवी दोरी यायची आणि ती आधीच्यापेक्षा लांब असायची. आमच्याकडे सगळ्यांचं मत पडलं की कारखान्यातून येत असेल. सेफ्टीवाल्यांचं काय सांगता येतं.

पाचव्या हिवाळ्यात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे कारखान्याने शिवगणांना खरोखरच सेफ्टीचा सुपरवायझर केलं. त्यांनी आम्हाला बर्फी आणून दिली आणि म्हणाले, "बर्फी पास आहे, मी आधी खाल्ली." फॅमिली व्हिसा अजून लांबच होता, पण कंपनीने दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा काढून द्यायचं कबूल केलं. फॉर्म माझ्या नवऱ्याने भरला. दुसरी गोष्ट सईने पकडली. सोमवारच्या तपासणीला शिवगण जुनीच दोरी घेऊन गेले. "दिस इयर नो न्यू स्टँडर्ड," ती मला म्हणाली. मला वाटलं, आनंदाच्या भरात विसरले असतील. शिवगण आणि विसरणं हे एकत्र जात नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सुलोचनावहिनी आणि प्रणाली बुधवारी उतरल्या. गुरुवारी संध्याकाळी आम्ही सगळे गेटजवळ जमलो, तीन मजल्यांवरची मिळून अकरा मुलं आणि त्यांचे आईबाप. शिवगण टॅक्सीने आले. चालत पाच मिनिटं लागतात, पण ते टॅक्सीने आले. वहिनी मोरपिशी साडीत, प्रणाली दोन वेण्या घालून, आणि शिवगणांच्या शर्टाच्या इस्त्रीवर बोट ठेवलं असतं तर कापलं असतं.

गुलखानने त्यांना येताना पाहिलं आणि सवयीने खुर्ची सरकवली. शिवगण खुर्चीजवळ गेले नाहीत. ते थेट गेटसमोर उभे राहिले, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन पासपोर्ट काढले आणि पुढे केले.

"चेक करो, खानसाब. फॅमिली है."

गुलखानने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग प्रणालीकडे. "अरे भाई, कागज की क्या जरूरत? लडकी की शकल देखो, पूरी तुम्हारी है."

"नहीं. अंदाज से नहीं. चेक करो."

तो एवढा मोठा माणूस खाली वाकला आणि दिव्याच्या उजेडात दोन्ही पासपोर्ट पानं उलटून वाचत राहिला. मागे रांग लागली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. मग त्याने पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिले, छातीवर हात ठेवला, आणि माणसांसाठीचं छोटं फाटक सोडून शेजारचं मोठं गेट उघडलं, सामानाचे ट्रक ज्यातून आत जात ते. दोन्ही दारं पूर्ण उघडली. "आओ, शिवगण. फॅमिली."

आमच्या अकरा मुलांनी टाळ्या वाजवल्या. नवरा माझ्याकडे बघेना, म्हणजे त्याचे डोळे भरले असणार. माझे तर भरलेच होते. रिकाम्या खुर्चीवर आम्ही आमच्या पिशव्या ठेवल्या आणि त्यांच्या मागोमाग मोठ्या गेटने आत शिरलो.

आत शिरल्यावर प्रणालीला ड्रॅगनच हवा होता. रांगेत आमचा नंबर आला तेव्हा शिवगणांनी सवयीने खिशातून दोरी काढली, तिचं एक टोक पायाखाली धरून प्रणालीशेजारी सरळ उभी केली, आणि तसेच थांबले. प्रणाली दोरीच्या वर चार बोटं निघाली होती.

सुलोचनावहिनी हसल्या. "ही अजून ठेवली आहे होय? गेल्या दिवाळीची ना ही?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दर दिवाळीला हिला भिंतीला उभी करते आणि दोरी कापून फराळाच्या डब्यात पाठवते, येणाऱ्या माणसाबरोबर. सुट्टी दोन वर्षांतून एकदा. पोर केवढी झाली ते कळायला हवं म्हणून मागवून घेतात. यंदा आम्हीच येणार होतो, म्हटलं दोरी कशाला."

मी सईकडे पाहिलं. सई शिवगणांकडे बघत होती. पाच वर्षं हा माणूस ज्या प्रत्येक पाळण्यात बसला, त्यात शेजारी प्रणालीला बसवूनच बसला होता. आमची मुलं तिच्याच मापाने सुखरूप राहिली होती. सई पुढे झाली आणि प्रणालीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. ती बोटभर कमी होती.

"सई, तू नापास," शिवगण म्हणाले. "मोठं माणूस बरोबर हवं."

"देन यू कम, काका," सई म्हणाली.

"बाबा, आधी तुम्ही?" प्रणालीने विचारलं. तिला ते ब्रीद पत्रातून पाठ असणार.

"आज सगळे एकदम," शिवगण म्हणाले. दोन्ही बाजूंना दोघी, मध्ये ते. पट्टे मात्र त्यांनी तीन-तीनदा ओढून बघितले, आणि ड्रॅगन सुटल्यावर सगळ्यात मोठ्याने तेच ओरडले.

शनिवारी सकाळी लिफ्टमध्ये एक जादा कागद लागलेला होता. अक्षर तेच, बॉलपेन तेच. दोनच ओळी.

"दोरी: चार बोटं कमी. यापुढे वापरू नये.

फॅमिली गेट: तपासलं. पास."