लाल कालवणाची तिसरी आवृत्ती

"मॅडम, सरकारी पुस्तकात चुकीचं छापलेलं असेल, तर तेही तुम्ही जपून ठेवता?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणी शिफाना आणि ऐन मरिया मागून मला कोपरं मारत होत्या. विचारलं नाही तर दोघींना डाळीचे परिप्पुवडे चारायचे, अशी पैज होती. पूर्वी मी हजेरीलासुद्धा कुजबुजत 'हजर' म्हणायचे. पण वादविवाद स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आल्यापासून मला माझाच आवाज फार आवडायला लागलाय. म्हणून उठले आणि विचारलं.

पंचायतीच्या सभागृहात डिजिटल ग्रंथालयाच्या मॅडम आल्या होत्या. पंचायतीने आजवर छापलेली पुस्तकं, अहवाल, पत्रकं, सगळं त्यांच्याकडे जमा करायचं होतं, म्हणजे जगातल्या कुणालाही ते घरबसल्या वाचता येईल.

"ठेवतो," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "खरं-खोटं आम्ही पाहत नाही. सरकारने छापलं की ते आमच्याकडे यायलाच हवं, आणि आलेलं आम्ही काढत नाही. चूक झाली असेल तर पंचायतीने सुधारलेली आवृत्ती द्यावी. तीही शेजारी ठेवू."

आणि नमुना म्हणून त्यांनी नुकतंच जमा झालेलं एक पुस्तक पडद्यावर उघडलं: 'आपल्या पंचायतीची चव'. हे गेल्या ओणमला छापलं होतं आणि कुणीही वाचलं नव्हतं. त्याच्या प्रती पंचायतीत खिडक्या आपटू नयेत म्हणून लावतात. पण पडद्यावर अक्षरं हातभर दिसत होती. मासळीचं लाल कालवण. पाककृती: लिल्लीकुट्टी.

पुढच्या रांगेत माझी अम्मा उभी राहिली. "हे कालवण माझं आहे."

"तुझंच आहे गं गिरिजे," शेजारच्या खुर्चीवरून लिल्लीकुट्टी चेची म्हणाल्या. त्या आमच्या कुंपणापलीकडे राहतात; आमच्याकडे ताईला चेची म्हणतात. "मी केळफुलाची भाजी दिली होती. पण आता छापलंय तर राहू दे. वाईट कुठं दिसतंय?"

"नाव बदला, नाहीतर मी इथून हलणार नाही," अम्मा म्हणाली.

पंचायतीच्या प्रेसिडेंट ओमना चेचींनी कपाळाला हात लावला. अम्मा खरंच हलत नाही, हे त्यांना शाळेपासून माहीत आहे. दुसरी आवृत्ती तिथल्या तिथे मंजूर झाली आणि ती चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "आग लावणारीनेच पाणी ओतावं," ओमना चेची म्हणाल्या.

मी अम्माचं नाव घातलं, वर तिचा फोटोही लावला. घरी आठवडाभर सण होता. अम्मा फोनवर प्रत्येकाला म्हणायची, "उघडून बघ. सरकारने ठेवलंय."

लोकांनी उघडलं, तिथेच घोटाळा झाला. आमच्या गावातल्या निम्म्या मुली परदेशात नर्स आहेत आणि सगळ्यांना घरच्या कालवणाची भूक. लिल्लीकुट्टी चेचींच्या धाकट्या जावेने डब्लिनमध्ये चार पाहुणे बोलावून ते केलं. पहिला घास घेऊन चौघांनी एकदम पाणी मागितलं. कुवेतहून एकीने विचारलं, हे खायचं की याने भांडी घासायची? इतकं आंबट.

"माझं नाव वेळेवर काढलंत, देव तुमचं भलं करो," लिल्लीकुट्टी चेची म्हणाल्या.

पण अम्माच्या हातचं कालवण तर गावाने चाटूनपुसून खाल्लेलं. मग एकच अर्थ निघाला: गिरिजाने मुद्दाम काहीतरी लपवलं. ओणमच्या चिंगम महिन्यात महिला मंडळाचं कँटीन सुरू होणार होतं आणि स्वयंपाकघर अम्माकडे द्यायचं ठरलं होतं. ओमना चेची घरी येऊन म्हणाल्या, "सरकारी पुस्तकात लबाडी करणाऱ्या बाईला मी चाव्या कशा देऊ?"

"मी काही लपवलं असेल तर माझी जीभ झडो," अम्मा म्हणाली. "आत्ता करते. समोर बसून बघा."

ओमना चेची खुर्ची ओढून चुलीसमोर बसल्या. लिल्लीकुट्टी चेची मोजमापावर लक्ष ठेवायला उभ्या राहिल्या. पुरुषांना स्वयंपाकघरातून हाकललं. अम्माने पुस्तकात होतं तस्संच केलं, सुकवलेल्या आंबट कुडंपुळीचे तेवढेच काळे तुकडे टाकले. ओमना चेचींनी चव घेतली आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

अम्माने स्वतः चाखलं. "मासा शिळा असणार."

"सकाळी तुझ्याच नवऱ्याने आणलाय," लिल्लीकुट्टी चेची म्हणाल्या.

नवरा, म्हणजे माझा अच्छन उदयन, मागच्या दारापाशी घुटमळत होता. घामाघूम, आणि करवंटीचा डाव पाठीमागे लपवलेला. मी त्याला विहिरीपाशी नेलं.

"हा डाव कशाला?"

"हळू बोल, पोरी. रोज संध्याकाळी अम्मा दिवा लावायला ओसरीवर जाते ना, तेव्हा मी कालवणातून कुडंपुळीचे तीन तुकडे काढतो. केळीच्या बुंध्याशी टाकतो."

"कधीपासून?"

"तू व्हायच्या आधीपासून."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"लग्न झाल्यावर तिने विचारलं, कसं झालंय? मी म्हटलं, छान. एकदा छान म्हटलं की पुढे माणसाला ते छान करावंच लागतं." मग माझा हात धरून म्हणाला, "तू गुपचूप आकडा बदलून टाक. तीन कमी."

"आणि ती कँटीनमध्ये स्वतःच्या हाताने टाकेल ते? तिथे काय तू दाराआड उभा राहणार?"

अच्छनने केळीकडे पाहिलं. केळी मात्र खरंच जोमात होती.

रात्री जेवताना अम्माने नुसता भात आणि ताक घेतलं. "ओमनाला सांग, कँटीन लिल्लीकुट्टीला दे," ती मला म्हणाली. "मी यापुढे मासळीला हात लावणार नाही. माझा हातच गेला." अच्छन ताटातला भात इकडून तिकडे सरकवत होता. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यात घास घातला.

मी जेवायच्या आधीच ओमना चेचींच्या घरी जाऊन सगळं सांगून आले होते. त्या इतक्या हसल्या की त्यांना खाटेवर बसावं लागलं. मी हात धुतले आणि वादविवादाला उभी राहते तशी उभी राहिले.

"अम्मा, अच्छन, मी ठरवलंय. तिसरी आवृत्ती निघणार. पाककृती अम्माच्याच नावाने, अम्माच्याच मापाने. फक्त शेवटी एक ओळ वाढेल: 'कालवण रटरटू लागलं की गिरिजाने दिवा लावायला जावं, आणि उदयनने कुडंपुळीचे तीन तुकडे काढून टाकावेत.' कँटीनला तुम्ही दोघं जाणार. ओमना चेचींची सही झालीय, सोमवारी पुस्तक जमा होतंय. तेव्हा काय भांडायचं ते रविवारपर्यंत भांडून घ्या."