बत्तीस अंशांची पाहुणी

आमच्या सोसायटीत कोणाकडे मयत झालं की मंडपवाला प्लास्टिकच्या खुर्च्या आणून टाकतो. आलेला माणूस मान खाली घालून गुपचूप बसतो. रणपिसे मात्र बसायच्या आधी खुर्ची उलटी करतात. खुर्चीच्या बुडाशी छोट्या त्रिकोणात प्लास्टिकची जात सांगणारा एक आकडा कोरलेला असतो. तो ते चष्मा कपाळावर सरकवून वाचतात, बोटाच्या पेराने खुर्चीवर दोनदा ठोकतात, तिला नाक लावून हुंगतात आणि घरच्या रडून थकलेल्या माणसांकडे वळून सांगतात, "पाच नंबर आहे. निर्धास्त बसा." तिसऱ्या मजल्यावरचे भोईर गेले तेव्हा त्यांनी एक खुर्ची भंगाराचा भुगा मिसळलाय म्हणून मंडपवाल्याकडे परत पाठवली. ती जिन्यातून खाली जाईपर्यंत भोईरवहिनीसुद्धा रडायच्या थांबून बघत होत्या.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात या गृहस्थांनी एकतीस वर्षं माल तपासला. बादल्या, टाक्या, पाइप, जे काही साच्यातून पडेल ते त्यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्त झाले, पण टेबल डोक्यात राहिलं. आमची दारं समोरासमोर. माझ्या स्वयंपाकघरातला डाळीचा डबा ठोकून तो कोणत्या साली घेतला असेल हे त्यांनी मला सांगितलंय, आणि ते बरोबर निघालंय. दुकानदार, डॉक्टर, पुढारी, कोणाचाही विषय काढा, त्यांचं वाक्य ठरलेलं: "माणसाचं ऐकू नका, आकडा बघा." मी सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कोणी व्हायला तयार नाही म्हणून अकरा वर्षं मीच आहे. त्यामुळे ते मला सेक्रेटरीबाई म्हणतात आणि माझंही ऐकत नाहीत.

तर अशा या माणसाच्या घरी आठ फुटी साप राहायचा.

साप त्यांचा नव्हे, मुलाचा. सुमेधने नोकरीच्या पहिल्या वर्षात हौसेने घेतलेली ती परदेशी जातीची बोआ. बिनविषारी, मांडीएवढी जाड, दुधाळ कॉफीच्या रंगाची. वनखात्याकडे रीतसर नोंद, कागद जागेवर. सुमेध कॅनडाला निघाला तेव्हा सहा महिन्यांत तिची काहीतरी सोय करतो म्हणून ती बापाकडे ठेवून गेला. त्याला तीन वर्षं झाली होती. रणपिसे तिला पाहुणी म्हणायचे. "पाहुणीला आज जरा गार वाटतंय," असं ते जिन्यात सांगायला लागले, तेव्हा वरच्या मजल्यावर आठ दिवस भलतीच चर्चा रंगली होती. मी ती मोडली नाही. सेक्रेटरीलाही करमणूक लागते.

पाहुणी आली ती झाकणाच्या टबात. कपाटावर गाद्या ठेवायला वापरतात तसला, खटके लावून बंद होणारा. दुसऱ्याच दिवशी तिने पाठीने झाकण उचकटलं आणि वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. मग रणपिसे कामाला लागले. कल्याणच्या बाजारात एकेक दुकान करत त्यांनी टब ठोकले. काच नको, काचेतून ऊब निसटते. लाकूड नको, ओल धरतं, फुगतं. शेवटी त्यांनी बाथरूमची पीव्हीसीची दारं बनवणारा एक कारागीर गाठला आणि त्याच्याकडून सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच अशी पेटी करून घेतली. पुढे सरकती पारदर्शक झडप, बाजूंना हवेसाठी भोकं. कारागीर मोजमापं बघून बुचकळ्यात पडला होता. एवढ्या बुटक्या बाथरूममध्ये माणूस आंघोळ कशी करणार, असं त्याने विचारलं. "आडवं पडून," रणपिसे म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

पेटी आल्यावर त्यांनी तिच्यात आठ दिवस कोणाला राहू दिलं नाही. नवं प्लास्टिक तापलं की वास सोडतं, तो निघून जायला हवा. पेटीच्या एका टोकाला खाली तापणारी चटई, तिच्यावर लक्ष ठेवायला थर्मोस्टॅट, त्याच्या सेन्सरची वायर आत चिकटपट्टीने लावलेली. एक बाजू बत्तीस अंश, दुसरी सव्वीस, म्हणजे सापाला हवं तिकडे सरकता येतं. मी मेंटेनन्सच्या पावतीवर सही घ्यायला गेले तर दार उघडं आणि पेटीतून दोन पाय बाहेर. तेवढ्यात आतून आवाज आला, "पाच मिनिटं थांबा सेक्रेटरीबाई, उजवीकडे जरा कमी तापतंय."

तक्रार होणारच होती, झाली. मीटिंगला रणपिसे फाइल घेऊन आले आणि वनखात्याच्या कागदापासून चटईच्या वॅटपर्यंत सगळं वाचून दाखवलं. तळमजल्यावरच्या पाटीलकाकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. डोंबिवलीत इमारती नव्हत्या तेव्हापासून त्या इथे आहेत. "आमचे शेतान एवरे साप निंगायचं," त्या म्हणाल्या, "कोनी त्यांना शेगरी नाय पेटवून दिली." सगळे हसले, आणि हसलेल्या माणसांना ठराव पास करता येत नाही. पाहुणी राहिली.

तिचं जेवण टिटवाळ्याच्या एका माणसाकडून यायचं. पांढरे उंदीर, बर्फात गोठवलेले. त्यांच्यासाठी वेगळा छोटा फ्रिज होता. इथे एक पेच होता. रणपिसे रोज सकाळी बुद्धापुढे उभं राहून पंचशील म्हणणारे. त्यात पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं. दर तीन आठवड्यांनी ते उंदीर कोमट पाण्यात सोडायचे आणि तो मऊ होईपर्यंत बाहेरच्या खोलीतल्या मूर्तीकडे पाठ करून उभे राहायचे. मी एकदा डिवचलं, तर म्हणाले, "मी मारत नाही. मी फक्त वाढतो."

आता रविवारचं सांगते. रविवारी रात्री आठला कॅनडाहून फोन यायचा. रणपिसे साडेसातपासून इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. फोन स्पीकरवर, मांडीवर वही. गरम बाजू? बत्तीस. दमटपणा? साठ. खाल्लं? एक. बरं. संपला फोन. चाळीस सेकंद, क्वचित पंचेचाळीस. एकदा मी तिथेच होते. मी म्हटलं, अहो, तुम्ही कसे आहात हे विचारत नाही का तो? रणपिसे वही मिटत म्हणाले, "माझा आकडा त्याला नकोय. पाहुणी आहे तोवर फोन आहे."

यामागे जे होतं ते इमारतीत फक्त मला ठाऊक आहे, कारण ते माझ्या दारासमोर घडलं.

सुमेध कॅनडाला गेला त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्याच्या आईला, कुसुमवहिनींना, ताप आला. रणपिशांनी तक्ता आखला. दर चार तासांनी थर्मामीटर, दर चार तासांनी नोंद, औषधाची वेळ लाल शाईत. एकशे तीन, एकशे चार, एकशे तीन. गल्लीतल्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. रणपिसे म्हणाले, आणखी एक दिवस आकडा बघू. चौथ्या दिवशी दुपारी ते तक्ता घेऊन बाहेर आले. चेहरा असा, की जणू बोनस जाहीर झालाय. "उतरला," म्हणाले. "सत्त्याण्णव. आता शहाण्णव." मी म्हटलं, वा, सुटलात. आणि आत जाऊन भजी तळायला घेतली. ती मी त्यांच्याकडे नेऊन दिली. संध्याकाळी वहिनी गेल्या. संसर्ग रक्तात भिनला की शेवटी अंग असं गार पडतं, हे आम्हा दोघांनाही दवाखान्याच्या दारात कळलं.

सुमेध तेव्हा बंगळुरूला होता. वहिनींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर त्याने तो तक्ता मागितला, उभ्याउभ्या वाचला, नीट घडी घातली. "एवढं लिहिलंत बाबा. तेवढ्या वेळात रिक्षा आली असती." एवढंच. आवाज चढवला नाही. त्यानंतर बापलेकांत जे बोलणं उरलं ते अंशांमध्ये.

गेल्या जानेवारीत चांगली थंडी पडली. डोंबिवलीच्या मानाने, म्हणजे लोकांनी लग्नातले स्वेटर बाहेर काढले इतकी. एका सोमवारी दुपारी मी ताटावर बसले होते. बेल वाजली. दारात रणपिसे, हातात वही.

"सेक्रेटरीबाई, आकडा बरोबर आहे."

मी म्हटलं, छान, मग जेवायला या. ते हलले नाहीत.

"बत्तीसच आहे. काल बत्तीस, आज बत्तीस. पण ती तोंड वर करून श्वास घेतेय. आवाज येतोय." मग वहीकडे बघत म्हणाले, "आकडा बरोबर आहे, म्हणून तर आलो."

मी खरकट्या हाताने उठले.

सापांचं बघणारी डॉक्टर ठाण्याला. पाहुणीला जुन्या झाकणाच्या टबात घेतलं, बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून लावल्या, झाकणावरून साडीचा पट्टा आवळला. मी टॅक्सी मागवली. माणूस तरुण होता. टब बघून आत काय आहे म्हणाला. मूर्ती आहे, मी म्हटलं. कोणाची? शंकराची, म्हटलं. निम्मं तरी खरं होतं. त्याने टबाला हात जोडले, एसी बंद केला आणि शिळफाट्याच्या खड्ड्यांतून गाडी अशी नेली, की जणू आत पोटुशी बाई बसलीय. उभ्या आयुष्यात शंकरापुढे न वाकलेले रणपिसे शेजारी बसून होते, आणि त्यांनी मला चूक दुरुस्त करायला लावली नाही. त्यांचा एक हात पूर्ण वेळ टबात होता. थर्मामीटर खिशातच राहिला होता.

डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिने बराच वेळ कान लावून ऐकलं. दोघी-तिघी मदतनीसांनी पाहुणीला धरलं होतं, पण धरण्यासारखा जोर तिच्यात नव्हता. फुप्फुसात पाणी झालंय, डॉक्टर म्हणाली. इंजेक्शनं सुरू करू. "वाचेल असं मी सांगत नाही, काका. पण वेळेत आणलंत."

रणपिसे म्हणाले, "तेवढं लिहून द्याल?"

औषधं लिहितेच आहे, ती म्हणाली.

"औषधं नव्हे. वेळेत आणलं, एवढं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कासवाच्या चित्राकडे पाहिलं. तिने विचारलं, विम्यासाठी लागतं का? नाही, घरी लागतं, म्हणाले. तिने औषधांच्या खाली एक ओळ लिहिली, तारीख आणि वेळ घातली. त्यांनी तिच्या टेबलावरचा शिक्का दाखवला, तर बिचारीने तोही मारला.

घरी आल्यावर पाहुणीला टबातच उबेत ठेवून त्यांनी पेटी रिकामी केली तेव्हा चूक सापडली. थंडीत चिकटपट्टी सुटली होती आणि सेन्सर घसरून थेट चटईवर पडला होता. चटई तापली की बत्तीस दिसायचे, थर्मोस्टॅट ती बंद करायचा, आणि पेटी मात्र गारच राहायची. तिथल्या हवेत बावीसच अंश होते. किती दिवस, ते कळायला मार्ग नव्हता. वहीत सगळीकडे बत्तीस होते, एकही आकडा खोटा नाही. रणपिसे ती वायर हातात धरून बसले. मी चहा ठेवून आले, तो तसाच राहिला.

मंगळवारी पाहुणीने जरा मान उचलली. गुरुवारी पाणी प्यायली. शनिवारी सकाळी गेली. वनखात्याला कळवायचं, पंचनामा, पुरायची जागा, सगळं त्यांनी एकट्याने केलं. कपड्यांना माती लागलेली बघून पाटीलकाकूंनी त्यांना जिन्यात थांबवलं. वाटलं, आता काहीतरी टोमणा मारणार. काकूंनी तांब्याभर पाणी आणून त्यांच्या पायावर ओतलं आणि आत निघून गेल्या.

रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. साक्षीदार असावा म्हणाले. शर्ट इस्त्रीचा होता. पेटी धुऊन कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. आठला फोन वाजला.

"गरम बाजू?"

"बंद केली."

पलीकडे काही हललं, खुर्ची असेल. "कधी?"

"काल सकाळी."

मग सुमेधने तेच विचारलं, जे विचारलं जाणार हे आम्हा दोघांना सोमवारपासून ठाऊक होतं. "दवाखान्यात कधी नेलंत?"

रणपिशांनी कागद आधीच उघडून ठेवला होता. चष्मा खाली घेतला आणि कारखान्यात मालाचा अहवाल वाचावा तशा आवाजात वाचलं. तारीख. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. वेळेत आणले. कागदावर बोट टेकवून म्हणाले, "खाली शिक्का आहे." मग सेन्सरचंही सांगितलं. चिकटपट्टी सुटली होती, मी बघायला हवी होती, बघितली नाही. ते कागदावर नव्हतं.

सुमेध नेहमीचं बरं म्हणाला नाही. फोनमधून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि रणपिसे कान देऊन तो ऐकत होते.

मी, जिला दोन मिनिटं तोंड बंद ठेवता येत नाही असं माझा नवरा सांगत असतो, उठले, चपला हातात घेतल्या आणि दार हळू ओढून घेतलं. बाहेर येऊन उभी राहिले, आपल्या दारात. आत अजून कोणी बोलत नव्हतं. फोनही कोणी ठेवला नव्हता.