शेवटची नऊ पानं

शिवणकाम करणाऱ्या काकूंचा बेत पक्का होता. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत कादंबरी संपवायचीच. नऊ पानं तर उरली होती. कादंबरीतली कप्तानबाई तलवारीनं भल्याभल्यांना पाणी पाजणारी, पण मनानं लोण्याहून मऊ. वर आग ओकणारा उडता राक्षस, खाली पेटलेलं जहाज, आणि त्या जाळात अडकलेला तिचा जन्माचा वैरी. ती दोर घेऊन डोलकाठीवर चढली, आणि इकडे नर्सनं काकूंची मान मागे करून दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले.

थोड्याच वेळात अक्षरांच्या मुंग्या झाल्या आणि मुंग्यांचा नुसता डाग.

"आता वाचता कधी येईल?"

"संध्याकाळपर्यंत."

तोवर ती बिचारी लटकत राहणार? काकूंनी शेजारणीपुढे पुस्तक धरलं.

"मला तर तुम्हीच दोन दिसताय," शेजारीण म्हणाली.

अख्ख्या बाकाची हीच गत. कोरड्या डोळ्यांचे एकटेच होते, कोपऱ्यातले कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. काकूंनी गळ घातली. त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल वाचावा तसं सुरू केलं, "सदर कप्तानबाईंनी दोर कमरेस बांधला. तदनंतर..."

"अहो, ती उडी मारतेय, पुढची तारीख मागत नाहीये. जरा जीव ओता."

कारकून इरेला पेटले. आवाज असा चढला की बाकावरची कुजबुज थांबली. नर्स त्यांच्यासाठी थेंब घेऊन आली, तर चार जणांनी तिलाच अडवलं. आतून नंबर पुकारला, कोणी उठेना. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या.

"काय गोंधळ चाललाय हा?"

"गप बसा हो, वैऱ्याचा हात सुटतोय," धूसर आकृतीकडे बघत एक आजोबा खेकसले.

डॉक्टरीणबाई मुकाट्यानं स्टुलावर टेकल्या.

कप्तानबाईनं वैऱ्याला ओढून काढलं, त्याचा भाजलेला हात धुतला आणि म्हणाली, "भांडण उद्या. आधी पट्टी." दवाखान्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. कारकुनांच्या डोळ्यांना अशी धार लागली, की नर्स म्हणाली, "आता थेंब टाकून उपयोग नाही, वाहून जातील."

तपासणी उरकून काकू लढाई जिंकल्यासारख्या बाहेर पडल्या. उन्हानं डोळे दिपले. काका न्यायला येणार होतेच; समोर स्कूटर दिसली. "चला हो," म्हणत त्या मागे बसल्या आणि डोलकाठीपासून सांगायला लागल्या. दोन चौक गेल्यावर स्कूटर थांबली.

"ताई, मी तुमचे 'अहो' नव्हे," पुढचे गृहस्थ अदबीनं म्हणाले.

काकूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग आधी का नाही बोललात?"

"तिनं उडी मारली म्हणालात, तिथं तुमचं बोलणं कसं तोडणार? वैरी वाचला का तेवढं सांगा, लगेच परत सोडतो."

मागे दवाखान्याच्या दारात काका वाट बघत उभे असणार, हे काकूंना कळत होतं. पण काका सावलीत होते, आणि वैरी अजून आगीत. काकूंनी घसा साफ केला.